गावच्या वीरगळांची, भित्तिचित्रांची नोंद करायचीय? पैसा कुठून आणि कसा उभा करायचा

यात्रा तीन आठवड्यांवर आली होती आणि मारुतीच्या देवळाबाहेर दोन पोरं चंदेरी ऑईल पेंटचा डबा घेऊन बसली होती. सातारा जिल्ह्यातलं गाव. देवळाच्या भिंतीला टेकून पाच वीरगळ, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड, उभे होते, त्यातल्या तिघांवर रंग चढला होता. चौथा अजून मोकळा होता. सकाळचं ऊन त्याच्यावर तिरकं पडलेलं, त्यामुळे तळाच्या चौकटीत आडवा पडलेला वीर आणि त्याच्यामागे ओळीनं कोरलेल्या गाई दिसत होत्या. एका गाईचं शिंगसुद्धा वेगळं ओळखू येत होतं. रंगवलेल्या तीन दगडांवर काय होतं, ते आता नुसत्या डोळ्यांनी सांगता येत नाही. पोरांचा त्यात काही दोष नव्हता. यात्रेसाठी देव सजवायचे एवढंच त्यांना ठाऊक होतं. या दगडांवर काय कोरलंय हे त्यांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

हे सांगायचं कारण असं की असे दगड आणि चित्रं नोंदवण्याच्या कामाकडे वळणारी मुलं-मुली मला हमखास एकच प्रश्न विचारतात : निधी कुठे मिळतो? मिळतो, आणि कुठे ते पुढे सविस्तर लिहिलंय. पण मंजुरी येईपर्यंत वर्ष जातं, आणि त्या वर्षात एक यात्रा असते, एक जीर्णोद्धार असतो, एखाद्या रस्त्याचं रुंदीकरण असतं. म्हणून पैशाची वाट पाहत थांबू नका. आधी स्वतःच्या खिशातून एक गाव पूर्ण करा आणि मग ते गाव हातात घेऊन पैसे मागायला जा. देणाऱ्याला कल्पनेपेक्षा झालेलं काम लवकर पटतं.

एक गाव म्हणजे काय काय

गावाची सार्वजनिक कला म्हटलं की आपण देवळाकडे बघतो. पण पार, वेस, चावडी, तालीम, बारव, समाधी, शाळेची भिंत हे सगळं त्यात येतं. कोरीव दगडांमध्ये वीरगळ सगळ्यात जास्त सापडतात. त्यांची रचना ओळखायला शिका, म्हणजे नोंद आपोआप नेमकी होते. बहुतेक वीरगळ खालून वर वाचायचे असतात : तळाला मरण पावलेला वीर, त्याच्यावर लढाई, त्याच्यावर वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, आणि सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा करणारा वीर. माथ्यावर कलश, आणि कीर्ती टिकावी म्हणून चंद्र-सूर्य. तळाला गाई असतील तर गोधन राखताना आलेलं मरण, असं बहुधा समजतात. लढाई जमिनीवरचीच असेल असंही नाही. मुंबईत बोरिवलीजवळ एकसरला जे वीरगळ आहेत त्यांच्यावर जहाजांची लढाई कोरलेली आहे. उभारलेला हात आणि बांगड्या असलेली सतीशिळा निराळी, आणि दान मोडणाऱ्याला शाप देणारा गधेगाळ निराळा. अलिबागजवळ अक्षी गावातला शिलालेख गधेगाळावरच आहे. त्याचा काळ अनेक अभ्यासक शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ धरतात. मराठीच्या सुरुवातीच्या लेखांमध्ये ज्याची गणना होते तो दगड गावात असाच उघड्यावर होता. तुमच्या गावातल्या दगडाकडे बघताना हे आठवू द्या.

चित्रांची गोष्ट आणखी नाजूक. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात, चांदवडच्या रंगमहालात, पुरंदर तालुक्यातल्या पांडेश्वरच्या देवळात भिंतींवर चित्रं आहेत आणि ती लोकांना माहीत आहेत. पण आडगावच्या एखाद्या वाड्यात चुन्याच्या गिलाव्यावर काढलेला गजेंद्रमोक्ष कुणाच्याच यादीत नसतो. गोव्यात आणि सिंधुदुर्गात देवळांच्या भिंतींवर कावी काम असतं. पांढऱ्या चुन्यावर काव म्हणजे तांबडा रंग चढवतात आणि तो ओला असतानाच कोरून नक्षी काढतात. देवळाला टाइल्स बसवल्या की ही भिंत जातेच. दगड रंगवला तरी एखादा जाणकार तो रंग कधीतरी उतरवू शकेल. उकरलेला गिलावा मात्र परत येत नाही. म्हणून हाताशी वेळ एकाच गोष्टीपुरता असेल तर आधी चित्रं घ्या.

नोंद करताना प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. उंची-रुंदी-जाडी, दगडाचा प्रकार, सध्याची जागा, पूर्वी कुठे होता, आता काय अवस्था आहे आणि गाव त्याला काय म्हणतं, हे लिहा. यातलं शेवटचं नवखी माणसं बहुतेक वेळा गाळतात. मी एका वीरगळाचं माप घेत होतो तेव्हा एक आजी म्हणाल्या, "बाळा, दगुड मोजतुयास व्हय? आमचा म्हसोबा हाय त्यो. म्हस व्याली की पयला खरवस त्येला." ते वाक्य मी तसंच्या तसं लिहून घेतलं. पुढे एका निवड समितीने प्रस्तावातल्या इतर सगळ्या मजकुरापेक्षा त्या एका ओळीवर जास्त प्रश्न विचारले.

फोटोला महागडा कॅमेरा लागत नाही. चांगला फोन, तिपाई, मोजपट्टी आणि घरातला आरसा पुरतो. उथळ कोरीव काम समोरच्या उजेडात सपाट दिसतं. दगड सावलीत असेल तर आरशाने कडेकडून ऊन पाडा, की अक्षरं वर येतात. खडू, पीठ, तेल, पाणी यातलं काहीही दगडाला लावू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. शेंदूर खरवडू नका. तो देव आहे, आणि तुम्ही पाहुणे आहात.

परवानगी आधी, अर्ज नंतर

हे दगड आणि चित्रं कुणाची आहेत ते ठरवून घ्या. स्मारक केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत असेल तर त्या त्या पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते. वाडा खाजगी असेल तर मालकांची लेखी संमती, आणि भावाभावांत वाटणी झाली असेल तर सगळ्यांची. बाकीच्यांसाठी ग्रामपंचायतीचा ठराव घ्या. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला ग्रामसभा होतात, त्यातली एक गाठा. पाच मिनिटं बोलायला मागा, त्याच गावच्या दगडाचा मोठा छापलेला फोटो दाखवा, आणि ठरावात तीन गोष्टी येऊ द्या : नोंदीला गावाची संमती आहे, एकही वस्तू जागची हलवली जाणार नाही, आणि कामाची एक प्रत गावाला मिळेल. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कोरीव दगड १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतो. 'संग्रहालयात नेऊया' असा उत्साह दाखवून कुणी तो गाडीत घातला तर तुमचं नाव पहिलं येईल.

हा ठराव म्हणजे तुमच्या प्रस्तावाचं सगळ्यात वजनदार कागदपत्र. दिल्ली-बंगळुरूतल्या समितीला तुम्ही कोण हे माहीत नसतं. गाव तुम्हाला ओळखतं, हे त्या कागदावरून कळतं.

पैसा कुठे आहे

सुरुवात गावातूनच करा. माझा याबाबत ठाम आग्रह आहे. पहिले पाच-दहा हजार रुपये यात्रा कमिटी, देवस्थान, गावचं मुंबई-पुण्यातलं मंडळ यांच्याकडून यावेत. रक्कम छोटी असली तरी ज्यांनी वर्गणी दिली त्यांचं त्या दगडाकडे लक्ष राहतं, आणि पुढच्या यात्रेला रंगाचा डबा उघडण्याआधी कुणीतरी तुम्हाला फोन करतं. ग्रामपंचायतीकडेही मागता येतं. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी जे २९ विषय दिलेत, त्यात २१ वा विषय सांस्कृतिक कार्याचा आहे. मात्र काम गावाच्या वार्षिक विकास आराखड्यात आलेलं हवं, म्हणून २ ऑक्टोबरच्या सुमारास आराखड्याची चर्चा सुरू होते तेव्हाच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, म्हणजे पूर्वीच्या ग्रामसेवकांना, भेटा. मार्चमध्ये गेलात तर पुढच्या वर्षावर जाईल.

एकट्याने काम करणार असाल तर दोन वाटा सरळ आहेत. पहिली, केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची फेलोशिप. तिचं कामकाज सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र, म्हणजे सीसीआरटी, पाहतं. २५ ते ४० वयाच्या लोकांसाठी कनिष्ठ फेलोशिप महिन्याला १०,००० रुपये आणि चाळिशीच्या पुढच्यांसाठी वरिष्ठ फेलोशिप महिन्याला २०,००० रुपये, मुदत दोन वर्षं. पैसे सहा-सहा महिन्यांच्या हप्त्यांनी येतात आणि मधल्या अहवालावर पुढचा हप्ता अवलंबून असतो. घरखर्च त्यावर चालणार नाही, पण फिरणं आणि नोंद यांचा खर्च बऱ्यापैकी निघतो.

दुसरी वाट बंगळुरूच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सची. १९९३ साली स्थापन झालेली ही संस्था कलेवरच्या संशोधनाला अनुदान देते, आणि इंग्रजीखेरीज इतर भारतीय भाषांतल्या कामाला तिथे मनापासून जागा आहे. प्रस्ताव मराठीत लिहिता येतो. नवख्यांनी मराठीतच लिहावा असं मला वाटतं, कारण विचार ज्या भाषेत केलाय त्याच भाषेत तो नीट मांडला जातो. इथे नुसती यादी चालत नाही, एक प्रश्न लागतो. 'आमच्या तालुक्यातले वीरगळ नोंदवणं' हा झाला उद्योग. 'आमच्या तालुक्यात वीरगळाचा म्हसोबा कसा झाला' हा झाला प्रश्न.

इन्टॅक ही १९८४ पासूनची वारशाच्या क्षेत्रातली संस्था. तिच्या जिल्हा शाखांकडे पैशापेक्षा मार्गदर्शनासाठी जा. नोंदीचे नमुने, जाणकार माणसं आणि शिफारसपत्र मिळालं तरी खूप झालं. केंद्राचं 'मेरा गाँव मेरी धरोहर' हे पोर्टल जुलै २०२३ मध्ये सुरू झालं. ते अनुदान देणारं नव्हे, पण आपल्या गावाच्या पानावर काय लिहिलंय ते उघडून बघा. तिथे वीरगळांचा उल्लेख नसेल तर 'हे काम का हवं' याचं उत्तर तुम्हाला आयतंच मिळालं. काम झाल्यावर पुस्तक काढायचं असेल आणि ते तुमचं पहिलंच असेल, तर महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहून ठेवा.

आता कंपन्यांच्या सामाजिक निधीबद्दल, म्हणजे सीएसआरबद्दल. इथे गैरसमज फार आहेत. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा नफा ५ कोटी रुपये यापैकी एका मर्यादेला पोहोचतो, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करायची असते. त्याच कायद्याच्या सातव्या अनुसूचीत वारसा, कला आणि संस्कृतीचं जतन स्पष्ट शब्दांत लिहिलेलं आहे, त्यामुळे 'आम्ही फक्त शिक्षण-आरोग्याला देतो' हे कंपनीचं धोरण असतं, कायद्याची अट नव्हे. आसपासच्या परिसराला प्राधान्य द्यावं असंही कायदा म्हणतो, म्हणून आधी आपल्या तालुक्यातल्या एमआयडीसीत चौकशी करा, मुंबईत नंतर. साखर कारखाना सहकारी असेल तर त्याला कलम १३५ लागू नाही. तिथे संचालक मंडळाकडे देणगीसाठी वेगळा, साधा अर्ज करायचा.

पण सीएसआरचा पैसा व्यक्तीला मिळत नाही. संस्था नोंदणीकृत हवी, तिला आयकराची १२ए (संस्थेला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून मिळालेला क्रमांक हवा. हे वाचून लगेच सात सभासद गोळा करून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात धावू नका. संस्था काढणं सोपं, ती दर वर्षी हिशेबासह चालवणं अवघड. हे सगळं आधीच असलेलं एखादं वाचनालय, महाविद्यालय किंवा इतिहास मंडळ शोधा आणि त्यांच्या छत्राखाली प्रकल्प करा. त्यांच्याशी दोन पानांचा करार मात्र जरूर करा : पैसे कोणत्या खात्यात, फोटोंवर हक्क कुणाचा, नाव कुणाचं छापायचं. मी एकदा हा करार केला नव्हता. दोन वर्षांच्या कामाचे फोटो दुसऱ्याच नावाने छापलेले पाहिले, आणि त्यावर बोलायला माझ्या हातात एकही कागद नव्हता.

परदेशी पैशाचंही नीट समजून घ्या. परदेशी संस्थेचं अनुदान घ्यायला सहसा परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, म्हणजे एफसीआरए, नोंदणी लागते आणि ती नव्या संस्थेला मिळत नाही : किमान तीन वर्षांचं काम आणि त्या काळात १५ लाख रुपयांचा खर्च दाखवावा लागतो. न्यू जर्सीला किंवा दुबईला असलेला तुमचा गाववाला मात्र भारतीय पासपोर्टधारक असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पैसे पाठवत असेल, तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर धरतात, मग तो कितीही आपला असो. म्हणून देणगी स्वीकारण्याआधी पासपोर्ट कुठला हे न लाजता विचारा.

अंदाजपत्रक : माणसांचे पैसे विसरू नका

२५ गावं, पाच महिने, असं काम धरू. प्रत्येक गावाला तीन फेऱ्या लागतात : पहिली ओळखीची, दुसरी नोंदीची, तिसरी गावाला दाखवून चुका दुरुस्त करण्याची. म्हणजे ७५ फेऱ्या. मोटरसायकलचं पेट्रोल आणि चहा-जेवण फेरीला ४०० धरलं तर ३०,००० रुपये. सोबत तालुक्यातलीच दोन मुलं, प्रत्येकी दिवसाला ४००, म्हणजे ६०,०००. तुमचं स्वतःचं मानधन महिन्याला १५,००० प्रमाणे ७५,०००. तिपाई, दिवा आणि दोन हार्डडिस्कना २२,०००. म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती ऐकून उतरवून काढायला, तीस तासांच्या ध्वनिमुद्रणाला तासाला ६०० प्रमाणे १८,०००. प्रत्येक गावाला परत द्यायच्या छापील फलकासाठी आणि वहीसाठी १,००० प्रमाणे २५,०००. लेखापाल आणि बँकेचा खर्च ८,०००, किरकोळ १२,०००. एकूण अडीच लाख. दर तुमच्या भागाप्रमाणे बदला, पण खर्चाची ही शीर्षकं सहसा बदलत नाहीत.

नवी मंडळी स्वतःचं मानधन शून्य लिहितात, त्यागाची भावना म्हणून. असं करू नका. फुकट काम तिसऱ्या महिन्यात थांबतं, आणि अनुभवी देणाऱ्याला हे माहीत असल्यामुळे तो शून्य पाहून बिचकतो. दुसरीकडे, गावाला परत द्यायचे २५,००० काटछाटीत सगळ्यात आधी जातात. ते राखा. त्याऐवजी हवं तर पाच गावं कमी करा.

प्रस्ताव

चार पानं पुरे. पहिल्या पानावर इतिहासाची प्रस्तावना नको, तुम्ही पूर्ण केलेल्या एका गावाचं वर्णन हवं : किती वस्तू, कोणत्या अवस्थेत, मागच्या पाच वर्षांत काय नष्ट झालं, कुणी सांगितलं. मग प्रश्न, मग कामाची पद्धत, मग वेळापत्रक आणि अंदाजपत्रक. ठराव आणि दहा फोटो मागे जोडा.

माझा पहिला प्रस्ताव अख्ख्या पश्चिम महाराष्ट्राचा होता आणि तो नाकारला गेला. समितीतल्या एका बाईंनी फोनवर विचारलं, "उद्या सकाळी तुम्ही कोणत्या गावाला जाणार आहात?" मला सांगता आलं नाही. पुढच्या वेळी मी एक तालुका घेतला, गावांची नावं आणि तारखा लिहिल्या, आणि तो मंजूर झाला. नकार आला तर कारण विचारा. बरेचजण सांगतात, आणि ते कारण पुढच्या अर्जासाठी सोन्यासारखं असतं.

सामग्री कुठे ठेवणार हेही लिहा. तीन ठिकाणी हवी : तुमच्याकडे, एखाद्या संस्थेत आणि गावात. जाहीर करताना मात्र हलवता येण्याजोग्या दगडांचं नेमकं ठिकाण नकाशावर टाकू नका, गावाचं नाव पुरेसं आहे. मूर्तिचोर तुमच्याइतक्याच बारकाईने याद्या वाचतात. ज्यांची मुलाखत घेतली त्यांची संमती कागदावर किंवा त्यांच्याच आवाजात घ्या.

पैसे आल्यावर

वेगळं बँक खातं उघडा. खेड्यात रिक्षावाला किंवा टपरीवाला बिल देत नाही, म्हणून व्हाउचरचं पुस्तक जवळ ठेवा आणि तिथल्या तिथे सही किंवा अंगठा घ्या. तारीख, गाव, कारण त्याच संध्याकाळी लिहा. हप्ता संपताना उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, द्यावं लागतं. ते देणाऱ्या चार्टर्ड अकाउंटंटशी सुरुवातीलाच बोलून ठेवा, शेवटच्या आठवड्यात नव्हे. एखादं गाव बारगळलं, पावसाने रस्ता गेला, मालकांनी ऐनवेळी नाही म्हटलं, तर देणाऱ्याला लगेच कळवा. बदल मान्य होतो, लपवाछपवी होत नाही.

फेऱ्या अशा आखा की नोंदीची फेरी माघ-फाल्गुनात येईल. बऱ्याच गावांच्या यात्रा चैत्र-वैशाखात असतात आणि रंगरंगोटी त्याआधी पंधरा दिवस सुरू होते. ओळखीची फेरी दिवाळीनंतर लगेच उरकून घ्या. तिसरी फेरी यात्रेच्या दिवसांतच ठेवा, कारण तेव्हा मुंबई-पुण्याची माणसंही गावात असतात. देवळाच्या ओट्यावर फलक लावा, प्रत्येक फोटोखाली गावाने सांगितलेलं नाव मोठ्या अक्षरात लिहा, आणि एक कोरी वही दोरीने बांधून तिथे ठेवा. बघायला येणारी माणसं चुका दाखवतात, नावं सुधारतात, आणि कुणीतरी हमखास लिहून जातं की आमच्या मळ्यात विहिरीच्या कडेला असाच एक आहे, त्यावर आम्ही धुणं धुतो. तो दगड तुमच्या यादीत नसतो. अंदाजपत्रकातल्या किरकोळ खर्चातलं पेट्रोल त्या फेरीसाठी राखून ठेवा.